काट्याची शपथ

गाणगापूर,
३ फेब्रुवारी २०२४

ती. ज्योतीअक्कास,
धाकट्या धनराजचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय. सोमवारी स्टेशनवरून यात्रेकरू घेऊन येत होतो. गावात शिरताना ईरम्माला माझ्या गाडीचा धक्का लागला. देवळाच्या रस्त्यावर फुलं विकते ती म्हातारी. तू आलीस की तिच्याचकडून शेवंतीचा हार घेतेस. जीव वाचला, पण डावा पाय मोडलाय. दवाखान्यात मीच नेलं.

ती म्हणते, गाडी लांब होती, बघूनच निघाले, तरी एकदम अंगावर आली. लोक जमले. मग मी पादुकांसमोर शपथ घेतली, की काटा चाळीसच्या वर नव्हता. गावाला पटलं. तिचा मुलगा तिप्पण्णाच म्हणाला, की अम्माची नजर गेली, आता तिला रस्त्यावर बसू द्यायचं नाही. तिची जागा दुसरीला दिली. माझ्यावर आळ आला नाही, तरी जेवण गोड लागत नाही बघ.

दिवाळीत गाडीला मोठी चाकं बसवली, त्याचा फोटो मागत होतीस. सोबत ठेवलाय. दाजींना दाखव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धनराज

चिंताकी,
९ फेब्रुवारी

चि. धनराज यास,
अक्काचे अ. उ. आ.

अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, पण वाचलं. दोनदा वाचलं. म्हातारीला काय लागेल ते कर, हात आखडू नकोस.

तुझे दाजी जेवत होते. फोटो पाहिला आणि घास ताटात ठेवला. वीस वर्षं औरादला टायर बदलतात, त्यांना नुसतं बघून कळलं. म्हणाले, मीटर चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं केलं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, पण मीटरला ते ठाऊक नसतं. लहान पोराची शंभर पावलं आणि बाप्याची शंभर पावलं, तसं. एवढी मोठी चाकं असली तर काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी चव्वेचाळीस-पंचेचाळीसनं पळते. वर जड चाक, थांबायलाही वेळ घेतं.

तुला हे कुठून ठाऊक असणार? पण आता कळलंय. ईरम्मानं बरोबर बघितलं होतं. गावाला तसं सांग, म्हणजे तिची जागा तिला मिळेल.

काळजी वाटते, लवकर कळव.
ज्योतीअक्का

गाणगापूर,
१४ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

चार-पाचनं काय होतं? आज मी बोललो, तर उद्या माझ्या गाडीत कोण बसेल? देवाच्या दारात खोटी शपथ घेणारा म्हणून नाव होईल. चांगल्या नावावरच मला भाडी मिळतात. आणि मी खोटं बोललेलो नाही. काटा चाळीसवरच होता. शपथ मी काट्याची घेतली होती. दाजींना म्हणावं, अक्कल गिऱ्हाइकांना शिकवा.

धनराज

चिंताकी,
१९ फेब्रुवारी

चि. धनराज यास आशीर्वाद.

रागानं लिहिलंस ते बरं केलंस. दोन्ही पत्रं समोर ठेवून बसले आहे. गाडी हळू होती, असं एकदाही लिहिलं नाहीस. दोन्हीकडे काटाच. काट्याची शपथ कामून रे?

लहानपणी गूळ संपवलास, तेव्हा आईच्या गळ्याला हात लावून म्हणालास, की मी डब्यात हात घातला नाही. खरंच होतं ते. पळीनं काढला होतास. आई हसली होती. मला आज हसू येत नाही, भीती वाटते.

चाकं बसवणाऱ्यानं तुला काही सांगितलं होतं का, त्याचं उत्तर मला नको. ते ईरम्माला दे.

तुझ्यावरची माया घटलेली नाही.
अक्का

गाणगापूर,
२७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

सांगितलं होतं. चाकं बसवताना चन्नवीर म्हणाला होता, की काटा आता कमी दाखवील, ब्रेकही उशिरा लागेल, गावात पाच कमीच धर. पादुकांसमोर उभा राहिलो तेव्हा मला ते आठवत होतं. म्हणूनच जिभेवर गाडी आली नाही, काटा आला.

काल दुपारी झोळी घेऊन ईरम्माच्या दारात गेलो. आईचा पाय मोडणाऱ्याला एरवी तिप्पण्णानं आत घेतलं नसतं. पण माधुकरीच्या वेळेला इथं कुणी कुणाला परत लावत नाही, कोणत्या रूपात दत्त येईल म्हणून. तो बाजूला झाला. मी उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. तिप्पण्णा अंगावर धावून आला, त्याचं चुकलं नाही. गुरुवारी तेच देवळासमोर सांगायचं आहे. जुनी चाकं परत चढवलीत. कालपासून भाडं एकच मिळालं.

ईरम्मा रागावली नाही, हेच सोसत नाही अक्का. सून म्हणाली, की महिनाभर ती डोळे मिटूनच बसते, दिसतं त्यावर भरवसाच उरला नाही म्हणते. माझं बोलून झालं तेव्हा तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, की म्हणजे माझी नजर गेली न्हाई व्हय? मी म्हटलं, नाही गेली. मग तिनं सुनेला भाकरी आणायला लावली आणि स्वतःच्या हातानं, न चाचपडता, माझ्या झोळीत टाकली.

ती भाकरी अजून तशीच आहे. खाऊ का, ते कळव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
धनराज