ताटावर न सांगितलेलं गाऱ्हाणं

कवठाळी,
बुधवार, भर दुपार

तीर्थरूप बाईस,
गोविंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी खुशाली. तू सांगायचीस ना, "पत्रात आंधी साऱ्याईची खुशाली पुसत जा रे, मंग काय ते बाकीचं लिव." तर पुसतो. बाबांचा खोकला तिथं तरी थांबला का? मायचे गुडघे कसे आहेत? भाऊजींची तंबाखू सुटली, की तिथल्या लोकांनाही त्यांनी चिमटीची सवय लावली? आपली कपिला गाय भेटली का? तिच्या कानामागं खाजव, तिला आवडायचं. आणि तू गं? चार पावलं चाललीस की छातीवर हात ठेवून थांबायचीस, तसं आता थांबावं लागत नाही ना?

आम्ही इकडं बरे. तुझ्या भावजयीच्या डोळ्यांना अधूनमधून पाणी येतं. चुलीचा धूर लागतो म्हणते. मी धूर पाहत नाही आणि तिला विचारत नाही.

आता बसून ऐक. बाई, आपल्या कवठाळीचं नाव दिल्लीत घेतलं गेलं! लोकसभेत! मंत्र्यापुढं! मास्तरांनी परवा पारावर वर्तमानपत्रातली बातमी वाचली, तेव्हा अर्धी माणसं म्हणाली, दुसरं कुठलं तरी कवठाळी असेल. मी म्हटलं, आणा इकडं तो कागद. तुझ्या नामदेवच्या अंकलिपीवर बोट फिरवत शिकलेला मी, माझंही वाचन काही कमी नाही. आपलंच गाव निघालं! वाशीमचे वकीलसाहेब, विरोधी बाकावरचे, तेच उठले होते आपल्यासाठी.

इतकी वर्षं तू सांगायचीस आणि मी लिहायचो. आज सांगणारं कुणी नाही, आणि गोष्ट पोटात मावत नाही. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

आठवतं ना सगळं? टपाल गावात यायचंच नाही. बाजाराच्या दिवशी टपालवाला लिंबाखाली बसून नावं पुकारायचा. जो हजर त्याचं पत्र, जो गैरहजर त्याचं पुढच्या बाजारी. नामदेव फौजेत, तिकडं बर्फात. आणि तू दर बाजारी दोन कोस चालत जायचीस त्या लिंबाखाली. घ्यायचं असायचं हळद-मीठ, कान मात्र त्या पुकाऱ्याकडं! नाव आलं नाही की हळद विसरून घरी यायचीस.

"नामदेवा, फोटो पाठव." हे वाक्य मी किती पत्रांत लिहिलं असेल! "फौजेच्या कपड्यातला पाठव म्हनाव. टोपीसकट."

मग तूच हिय्या केलास. शाईची गादी घेऊन दारोदार फिरलीस, गावात टपाल यावं, टपालपेटी बसावी म्हणून अर्जावर अंगठे घेतलेस. पाटलांनी टोमणा मारला, "काय वं बाई, इलेक्शनले उभी राह्यली काय?" तू म्हणालीस, "उभीच हाये जी. बसाले तुमी जागा कुठं ठेवली?" आणि तो अर्ज कमरेला खोचून मोटारीनं वाशीमला गेलीस, वकीलसाहेबांच्या हातात देऊन आलीस. मी मागून हसलो होतो. दिल्ली काय अंगठे मोजत बसली आहे, असं म्हणालो होतो. हसलो ते चुकलंच.

पण माझी मोठी चूक ती नव्हे.

कापसाचा सीतादही, पहिल्या वेचणीची पूजा, चालू होती. तू वावरात होतीस. कसली वर्दी नाही, काही नाही, आणि टपाल खात्याचे साहेब जीपमधून दारात! अर्जाची चौकशी करायला आले होते. दारी आलेला माणूस, उन्हानं लाल झालेला. तुझ्या भावजयीनं गूळपाणी दिलं, भाकरी थापली, झुणका टाकला. साहेब पाटावर बसले. दोन घास खाल्ले आणि वही मांडीवर घेऊन विचारलं, "टपालाची काही तक्रार?"

आता तूच सांग, जेवत्या माणसापुढं आपण गाऱ्हाणं सांगतो का कधी? घास कडू होतो, असं मायनं आपल्याला शिकवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई जी, सारं ठीक हाये. तुमी जेवा." साहेबांनी ते लिहून घेतलं. हात धुतले, सुपारी खाल्ली, गेले. मला वाटलं, उठल्यावर पुन्हा विचारतील. नाही विचारलं.

तू आलीस आणि ओटा हादरला!

"काहून सांगतलं नाई?"

"पाहुणा जेवून राह्यला होता वं बाई. ताटावर गाऱ्हाणं कसं सांगाव?"

"मंग ताट उचलल्यावर सांगाचं! जीपच्या मांगं पयाचं! अंगठे माह्याजवळ देल्ले लोकाईनं, अन् तू भाकरीवर इकून टाकले?"

किती दिवस बोलली नाहीस माझ्याशी! भाकरी मात्र माझ्याच ताटात आधी वाढायचीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं गं. अशी शिक्षा करतात का धाकट्या भावाला?

त्यानंतर पौष. तुझा दम वाढला. त्या बाजारी मी तुझ्या उशाशी होतो, लिंबाखाली आपल्या घरचं कुणी गेलं नाही. तिथं नाव पुकारलं गेलं असणार. तू गेलीस. आणि पुढच्या बाजारी टपालवाल्यानं माझ्या हातात पाकीट दिलं. आत फोटो. फौजेच्या कपड्यात. टोपीसकट!

पाठीमागं लिहिलंय, "माय, आता तरी हळद विसरू नको." तुझ्या रिकाम्या बाजेपाशी बसून मोठ्यानं वाचलं मी ते. नामदेव पुढं रजेवर आला, तेव्हा त्याला हे सगळं सांगण्याचा धीर मला झाला नाही. माझ्या मनात एकच सलत राहिलं, की बाई माझ्यावर रुसून गेली.

म्हणून ती बातमी ऐकल्यावर मला राहवेना. काल मालेगावपर्यंत बैलगाडीनं, पुढं मोटारीनं वाशीम. वकीलसाहेब चार दिवसांसाठी दिल्लीहून आलेले. ओसरीवर ही गर्दी! मी म्हटलं, कवठाळीचा गोविंदा. तर उठून उभे राहिले गं! जवळ बसवलं, चहा मागवला आणि लोकसभेतली प्रश्नोत्तरं कागदावरून मराठीत सांगितली.

त्यांनी विचारलं होतं, "शहरातल्या टपालाच्या नव्या इमारतीत संगमरवरी फरशी बसली, ठीक आहे. पण कवठाळीत आठवड्यातून तीनदा टपाल जातं अशी कागदावर नोंद आहे, त्या फेऱ्यांचा भत्ता दरमहा निघतो. मग कवठाळीची माणसं दोन कोस चालून बाजारात का जातात? हा पैसा नेमकं कोण चालतं म्हणून दिला जातो?"

काय विचारलं गं!

आणि मंत्र्यांनी उत्तर काय दिलं असेल? "आमचे अधिकारी गावात जाऊन आले. गावकऱ्यांनी पूर्ण समाधान व्यक्त केलं."

बाई, ते माझे शब्द! "सारं ठीक हाये जी, तुमी जेवा" हे माझं बोलणं असं इस्त्री करून दिल्लीत वाचलं गेलं. चहाची बशी खाली ठेवली मी. मान वर होईना.

वकीलसाहेब म्हणाले, "गोविंदराव, पुढचं तर ऐका. मी पुन्हा उठलो. विचारलं, गावकऱ्यांना हा प्रश्न जेवणाआधी विचारला, की ताटावर?" सगळं सभागृह हसलं म्हणे! मंत्र्यांनी मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडं पाहिलं, चिठ्ठी आली, चिठ्ठी गेली. शेवटी कबूल झाले, पुन्हा चौकशी करू.

मी म्हटलं, "साहेब, ताटाचं तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमच्या बहिणीनं. पौषात आल्या होत्या. पायरीवर दहा मिनिटं दम घेतला, मग बोलल्या."

पौषात! दवाखान्यात जाते म्हणून गेली होतीस ना तू? येताना हातात औषधाची बाटली नव्हती, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसूनही मी विचारलं नाही. तुझं बोलणं त्यांनी तुझ्याच बोलीत सांगितलं: "माह्या भावाले खोटा ठरवू नका जी. जेवत्या मानसापुढं रडाचं नाई, हे आमाले मायनंच शिकवलं. चूक त्याची नाई, पुसणाऱ्याची येळ चुकली. थेच इचारा तिकडं."

माझ्याशी अबोला, आणि माझ्यासाठी वाशीम? अशी कशी गं तू! मला एकदा सांगितलं असतंस तर तुझं काय जात होतं? मोटारीत बसून वाशीम ते मालेगाव रडत आलो, आणि मधेच हसत होतो. शेजारचा म्हणाला, "काय बुवा, लाटरी लागली काय?" मी म्हटलं, "बहीण बोलली माह्याशी."

टपाल खात्याचे ते साहेब येत्या सोमवारी पुन्हा येत आहेत. पाटील लगेच म्हणाले, पुरणाचा बेत करू. मी म्हटलं, "भाकरीचा तुकडा बी नाई!" पारावर एकच गिल्ला! "दारी आलेल्याले उपाशी धाडतं काय बे?" शेवटी तुझ्या भावजयीनं तोडगा काढला. "पानी आंधी देऊ. गाऱ्हाणं लिवून घेतल्यावर गूळ. सही झाली की पुरण." तुझ्याच हाताखाली तयार झाली आहे ती.

तर बाई, हा माझा शब्द. सोमवारी मी साऱ्यांच्या आधी उठेन. म्हणेन, मागच्या खेपेला मी जे बोललो ते पाहुण्याला बोललो, आज साहेबाला बोलतो. मग नामदेवचा फोटो त्यांच्या हातात देईन आणि सांगेन, "हा पाह्याले माही बहीण आठ दिवस कमी पडली जी." त्यापुढं त्यांना काय लिहायचं ते लिहू देत. सही होईपर्यंत मी चुलीकडं पाहणारसुद्धा नाही.

आणि गावात टपालपेटी बसली की तिच्यात पहिलं पत्र हेच पडेल.

उत्तर लवकर पाठव. मायला, बाबांना नमस्कार सांग. पत्ता जुनाच, पण आता लिंबाखाली पुकारायला लावू नकोस. थेट घरी पाठव.

तुझा,
गोविंदा