बाबांच्या चार गुंजा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा म्हातारी झाले आहे. गुडघे थेट तुमच्यासारखे दुखतात. डॉक्टर गोळी लिहून देतो, मी ती पाण्यासोबत गिळते, आणि किती घेता म्हणून मला कोणी विचारत नाही. काल गोळी गिळताना तुमची आठवण आली ती गेलीच नाही, म्हणून लिहायला बसले.

डोळ्यांसमोर भाताच्या रोवणीचे दिवस आहेत. सकाळपासून बांधीच्या गुडघाभर चिखलात उभे राहून तुम्ही घरी येता, पाय धुता, भात आणि लाखोरीचं वरण जेवता, मग ओसरीवर बसून कमरेची पितळी डबी काढता. काळी, चिकट अफू. तिचा तुकडा वाटीतल्या पाण्यात बोटाने घोळून घोट घ्यायचा. सकाळी दोन गुंजा, दुपारी दोन, त्याहून जास्त मी कधी पाहिली नाही. आई त्या वेळी मुद्दाम भांडी आपटायची. थोड्या वेळाने तुमच्या कपाळावरची आठी सुटायची आणि तुम्ही मला पुस्तक आणायला सांगायचे. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं, पण ऐकायची हौस दांडगी. मी भूगोल वाचायची, तुम्ही डोळे मिटून जगभरच्या नद्या ऐकायचे, आणि वैनगंगेचं नाव आलं नाही की पुस्तक लिहिणाऱ्यावर चिडायचे. पोरीला इतकं शिकवून काय करायचं, असं फुलचूरपासून तिरोड्यापर्यंतचे सगळे नातेवाईक म्हणत होते. तुम्ही एकाचंही ऐकलं नाही. तशा दुपारी मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत, बाबा.

शिकले तशी मी शहाणीही झाले. शाळेत नशेवर धडा झाला त्या दिवशी घरी येऊन मी तुमची डबी तांदळाच्या कोठीत लपवली. तुम्ही हात उगारला नाही, समोर बसवलं. "दारू पिऊन तुह्या मायले मारलं का मी कधी? कोनाच्या बांधीचं पानी चोरलं? पाय दुखते माहे, म्हनून खातो. माह्या डबीले मले इचारल्याबिगर हात नाही लावाचा." मी रडत डबी आणून दिली. तुमचं म्हणणं पटलं नव्हतं, पण त्याला उत्तरही सापडलं नव्हतं. आजही पुरतं सापडलेलं नाही. तुमच्या अफूचा जाच कोणाला नव्हता हे खरं, आणि डबी रिकामी झाली की तुम्ही तुमचे राहायचे नाही, हेही खरं.

मग सरकारने अफू बंद करायचं ठरवलं. एकदम नाही. जुन्या खाणाऱ्यांची नावं लिहून परवाने द्यायचे आणि दरवर्षी थोडी थोडी कमी करत न्यायची. तुम्ही हसलात. म्हणालात, "इंग्रज गेला म्हनते. मंग माह्या डबीत आता कोन डोकावून राहिला?" पण नाव लिहिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपण बैलगाडीने गोंदियाच्या कचेरीत गेलो. अर्ज लिहिणारी मी, म्हणून तुम्ही बाहेर चिंचेखाली बैलांपाशी थांबलात. आत टेबलाजवळ शाळा कमिटीचे एक सभासद दुसऱ्याच कामाने बसले होते. माझी मास्तरणीची नेमणूक त्यांच्याच हातात होती. कारकुनाने मोठ्याने विचारलं, "तुम्हारे बाप रोज कितना खाते हैं?" ते सभासद माझ्याकडे बघत होते. मी दोन गुंजा सांगितल्या आणि अर्जात तसंच लिहिलं. लिहून झाल्यावर मनाची समजूत घातली, बरंच झालं, सवय लवकर सुटेल. मग तुम्हाला आत बोलावलं, बोट ठेवलं तिथे तुम्ही सही केलीत.

सरकारी ठेक्यावर निम्मीच अफू मिळाली, तेव्हा तुम्ही घरी येऊन एवढंच विचारलं, "तू बरोबर लिवलं होतं ना, बाई?"

"हो, बाबा. सरकारनंच कापली."

तुम्ही मान हलवलीत. पुढचे कितीतरी दिवस तुमच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पायांत गोळे येत होते, पोटात पाणी ठरत नव्हतं. रोवणी पहिल्यांदाच तुमच्याविना झाली. भांडी आपटणारी आईच शेवटी म्हणाली की चोरून मिळते म्हणतात, कोणाकडून तरी आणवा. तुम्ही खाटेवरून म्हणालात, "नाही. धरलं तं पोरीले नोकरी नाही लागाची." मी दाराआड उभी होते. तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं. अर्ज दुरुस्त होतो का, हे विचारायलासुद्धा मी कचेरीत गेले नाही. तो बाहेर काढला असता तर मी काय लिहिलं होतं ते सगळ्यांना कळलं असतं.

मला नोकरी लागली. तुमच्या दोन गुंजांची दीड झाली, दीडाची एक, मग काहीच नाही. तुम्ही पुन्हा बांधीत जाऊ लागलात, पण जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पुस्तक मी आपणहून आणलं तर म्हणायचे, राहू दे. जे सरकार तुमच्याकडून हळूहळू काढून घेणार होतं, त्यातलं अर्धं मी एका सकाळी काढून घेतलं. शेवटपर्यंत तुम्ही सरकारला शिव्या घातल्यात, माझ्या वाट्याच्याही त्यालाच.

हे पत्र कपाटात राहील. आत्ताच सून खोलीत आली आणि आई, काय लिहिताय म्हणाली. काही नाही, शाळेच्या जुन्या आठवणी, असं म्हणून मी घाईने कागद झाकला. मी खोटं बोलले ते लिहिलेली ओळ उघडीच राहिली होती. माझा हात जाऊन पडला होता तो अफू या शब्दावर. बाबा, मला अजून तुमची लाज वाटते.