शेवटच्या खिळ्यावरचा बिल्ला

मी, शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, पूर्वी पगारी ट्रक ड्रायव्हर आणि नंतर त्याच वाहतूक कंपनीत फेऱ्या लावणारा कारकून, माझ्या घरच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही. कुणी धाक घातला नाही की गोड बोलून लिहून घेतलं नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण कलम चार लिहायची हिंमत होत नव्हती.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची पडवी, बायकोच्या नावे. तिच्यानंतर मुलीचं. पुढच्या खोलीची खिडकी मी स्वतः बसवली आहे, म्हणून ती नीट लागत नाही. माझ्यामागे खुशाल सुतार बोलवावा. इतकी वर्षं मी बोलवू दिला नाही, हा माझा हट्ट होता.

कलम २. बँकेत जे काही असेल ते निम्मं बायकोचं, निम्मं मुलीचं. यावर जास्त लिहिण्याइतकं ते नाही.

कलम ३. पाने, पकडी, हवेचा पंप आणि हत्यारांची लोखंडी पेटी जावईबापूंना. जॅक आधीच त्यांच्याकडे आहे. दोन दिवसांसाठी नेला होता, त्याला अकरा वर्षं झाली. तोही दिला असं समजावं. मात्र तो मी आज दिला, तेव्हा नव्हे, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

जावईबापू पगारावर ट्रक चालवतात. त्यांच्या मालकानं आता त्यांच्यापुढे भाडेखरेदीचा करार ठेवला आहे. म्हणजे गाडी मालकाची, हप्ते यांनी भरायचे, सगळे फिटले की गाडी यांची. सही करू का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. उत्तर इथे देतो. पगारावर राहिलात तर गाडी कधीच तुमची होणार नाही, पण इंजिन बसलं तर ते मालकाचं बसेल, तुम्ही जेवून झोपाल. कर्ज काढून स्वतःची घेतलीत तर टायर फुटला तरी काळजात धस्स होईल, पण एकानं काम दिलं नाही तर दुसऱ्याचं दार वाजवता येईल. भाडेखरेदीत डिझेल तुमचं, टायर तुमचा, दुरुस्ती तुमची, कागदावर नाव मालकाचं, आणि काम फक्त तोच देणार. हप्ता घेणारा आणि फेरी देणारा एकच असेल तर सही करू नका. मला हे कुणी शिकवलेलं नाही. फेरी देणारा मी होतो.

कलम ४. माझ्या नावावरचा निळा ट्रक, स्टेपनी, ताडपत्री आणि दोरखंडासह, माझ्या धाकट्या भावाला. हे दान नाही. कारण लिहितो.

तेवीस वर्षांपूर्वी धाकटा माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आला होता. पगारावर राहू, कर्ज काढून घेऊ, की कंपनीची भाडेखरेदीवर घेऊ? "दादा, तू सांगशील ते करतो," म्हणाला. मी नुकताच गाडीवरून उतरून ऑफिसात खुर्चीवर बसलो होतो आणि भाडेखरेदीला माणसं आणा, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. मी करार वाचला होता. लागोपाठ दोन हप्ते चुकले की गाडी परत, आणि आधी भरलेलं सगळं नुसतं भाडं समजायचं, हे त्यात होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. म्हणालो, "घे रे. दर महिन्याला थोडी थोडी तुझी होत जाईल."

त्यानं ते इतकं मनावर घेतलं की हप्ता भरला की ऑफिसच्या खिडकीत येऊन सांगायचा, "दादा, आज डावा आरसा माझा झाला." कधी मागचा फाळका, कधी भोंगा. सगळं ऑफिस हसायचं, मीही हसायचो. करार पाच वर्षांचा होता. साडेचार वर्षं तो असा एकेक भाग करून गाडी घरी नेत होता.

सहा हप्ते राहिले तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या भावानं गाडी झकास ठेवलीय. दुसऱ्या माणसाला पुन्हा पाच वर्षं देता येईल," एवढंच म्हणाले. मला समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. लगेच समजलं.

फेऱ्यांचा बोर्ड माझ्या खुर्चीमागे होता. प्रत्येक गाडीचा पत्र्याचा बिल्ला खिळ्यावर टांगलेला. आलेल्या गाडीचा बिल्ला शेवटच्या खिळ्यावर, पहिली निघाली की बाकीचे एकेक खिळा पुढे. धाकट्याचा बिल्ला दुसऱ्या खिळ्यावर आला की मी तो काढून शेवटी लावायचो. तो विचारायला आला की म्हणायचो, "अरे, तुला पुकारलं. तू गाडीत झोपला होतास." तो ओशाळून परत जायचा आणि उभी गाडी पुन्हा पुसायला घ्यायचा. आवारातले ड्रायव्हर कुजबुजायचे, तर हाच त्यांना गप्प करायचा. "आत माझा दादा बसलाय. माझ्यावर अन्याय होईल का?" मला काचेतून सगळं ऐकू यायचं. हे मी दोन महिने केलं, आणि त्याचे लागोपाठ दोन हप्ते चुकले.

खुर्ची जाईल ही भीती होती, हे खरं. पण तेवढंच लिहिलं तर हे मृत्युपत्र खोटं ठरेल. मी थोरला, जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या, आणि धाकट्याची स्वतःची होणार हे मला बघवत नव्हतं.

किल्ली त्यानं माझ्याच टेबलावर आणून ठेवली. म्हणाला, "तू खूप सांभाळून घेतलंस दादा. मलाच जमलं नाही." तेव्हापासून तो पगारावर आहे. स्वतःच्या गाडीचा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा कंपनी जुन्या गाड्या काढत होती. त्यात धाकट्याच्या हातून गेलेली गाडी होती, ती मी घेतली. लाल होती, निळी करून घेतली. धाकट्याला सांगितलं, त्याच लॉटमधली दुसरी आहे. तो दाराला हात लावून म्हणाला, "आमच्या गाडीचंही दार असंच दोनदा ओढावं लागायचं." मी म्हणालो, "सगळ्यांचं तसंच असतं."

कलम ५. मोठे साहेब माझ्याआधी गेले. सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हायचा मोह होतो. पण बिल्ल्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

पुरवणी. वरचा मजकूर बायकोनं वाचला. चष्मा काढून म्हणाली, "जावयाची सही सोमवारी आहे, आणि तुम्ही त्यांना उत्तर मेल्यावर देणार? आणि भावजींना हे मेल्यावर कळणार? मग त्यांनी बोलायचं कुणाला? फोटोला?" जावईबापूंना त्याच वेळी फोन करून सही करू नका म्हणून सांगितलं. धाकट्याला रविवारी सकाळी बोलावलं.

तो आला. मी कलम चार मोठ्यानं वाचलं. बिल्ल्याच्या ओळीपाशी त्यानं हात वर केला. "परत वाच." मी परत वाचलं. तो म्हणाला, "हप्ते चुकले तेव्हा आमच्या हिनं विचारलं होतं, 'तुम्ही झोपून नंबर घालवता का?' मी हो म्हणालो. तू सांगत होतास, तर मला वाटलं, लागत असेल डोळा."

भावजय दोन वर्षांपूर्वी गेली.

"ती तेच धरून गेली, दादा."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले. मी म्हणालो, "गाडी तुझ्या नावे लिहिलीय. माझ्यामागे..."

"तुझ्यामागे कशाला? मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू? किल्ली दे."

मी किल्ली दिली. चहा ठेवला होता, तो प्याला नाही. बायको अंगणापर्यंत गेली, तिच्याशी दोन शब्द बोलला आणि गाडी घेऊन गेला. काल हस्तांतराच्या कागदांवर सह्या झाल्या, तेव्हाही तो कारकुनाशीच बोलला.

सबब कलम चार रद्द. सदर ट्रक आता माझा नाही. बाकीची कलमं कायम. धाकट्याला देण्यासारखं माझ्याकडे आता काहीही राहिलेलं नाही, हे मी शुद्धीत असताना लिहून देतो.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. समोरच्या दुकानातले टायरवाले (सही) २. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही). दोघांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही.
स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: चालू महिन्याची एकोणीस तारीख, बुधवार, सकाळी अकरा