उजवी पाकळी

कळवा, ३ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,
विठ्ठलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही, म्हणून पत्र. रसिकाचा सांगलीला नर्सिंगसाठी नंबर लागला. चार वर्षे हॉस्टेल. इकडे कल्याणच्या कॉलेजात ती बी.कॉम.ला जाऊ लागली आहे. संध्याकाळी घरी येते, पोळ्या करते, मग दोघे जेवतो. मला दोन्ही बरे वाटते, म्हणजे काहीच ठरत नाही. तिची आई गेल्यापासून माझे असेच झाले आहे. कंपनीतून येतो तोच दमून.

तू आपल्या देवीला पाकळ्या लावून कौल घे. रसिकाने सांगलीला जावे का, एवढेच विचार. उजवी पाकळी पडली तर जाईल, डावी पडली तर इथेच राहील. रसिका म्हणाली, देवीला कटऑफ काय माहीत! मी रागावलो. ती हसली, पण तिचा चेहरा उतरलेला होता.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा विठ्ठल

शिरवली, ११ ऑगस्ट

चि. विठ्ठल यास,
शेवंतीताईचे अनेक आशीर्वाद.

काल देवळात गेले. तुझा प्रश्न मात्र विचारला नाही. पोरीला काय हवे ते तिने मला फोनवर केव्हाच सांगितले आहे. तिचे मला बरोबर ऐकू येते. आईजवळ दवाखान्यात राहिली तेव्हापासून तिच्या मनात नर्सिंगच आहे. तुला एकटे कसे ठेवायचे म्हणून कल्याणला जाते. बाबांना सांगू नकोस म्हणाली. मी सांगते आहे.

म्हणून गुरवाला तुझ्यासाठी गाऱ्हाणे घालायला लावले, माझ्या भावाला घरात एकट्याने राहता येईल का? पाकळ्या कितीतरी वेळ हलेनात. गुरव जांभया देऊ लागला. म्हटले, देवीचेही तुझ्यासारखेच, काही ठरेना. शेवटी उजवी पडली.

आता देवीला खोटे पाडू नकोस. आणि कणीक मळताना पाणी बेताने घाल, बावळटा.

जेवत जा. ताईला विसरू नकोस.
शेवंती

कळवा, २५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

रसिकाला सांगलीला सोडून काल परतलो. हॉस्टेलच्या दारात ती म्हणाली, उरलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवा, पण वास येईपर्यंत नको. मी हो म्हणालो आणि मागे न बघता निघालो.

घरी आलो. किल्ली खिशात असून बेल वाजवली. आत कोणी नाही हे कळायला थोडा वेळ लागला. पिशवी खाली ठेवून जिन्यातच उभा राहिलो. मग देवीचे नाव घेऊन दार उघडले, दिवा लावला आणि कणीक भिजवायला घेतली. पाणी जास्तच झाले. पोळ्या होईनात, तेव्हा धिरडी घातली. तीच देवीला दाखवली आणि बसून सगळी खाल्ली.

असाच जीव लावत राहा.
विठ्ठल