डोळ्यांवरचं ऊन

बोल्टन, मार्च १९२३

प्रिय एफ्राइम,

काल तुझ्या पबमध्ये एकाने मला टोमणा मारला, "तू पास दिला असतास, तर आपला एफ्राइम इंग्लंडकडून खेळला असता!" तू लगेच म्हणालास, "सायलसच्या डोळ्यांवर ऊन होतं रे."

त्या फुटबॉल सामन्याला इंग्लंडची निवडसमिती आली होती. गोलसमोर तू मोकळा उभा होतास. हंगामभर उजव्या कडेने पास माझे आणि गोल तुझे. लोक खांद्यावर तुलाच घ्यायचे. माझ्या बायकोच्या तोंडीही तुझंच नाव. म्हणून मी स्वतःच चेंडू मारला आणि तो बाहेर गेला. तुला बोलावणं आलंच नाही.

ऊन नव्हतं, एफ्राइम. तू मला स्वच्छ दिसत होतास. तरी काल तू माझी बाजू घेतलीस, तेव्हा तुझा पुन्हा हेवाच वाटला. हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

तुझा उजवा विंगर,
सायलस