गाडीच्या मागच्या सीटवर

बाबा,

तुमची जुनी मोटारसायकल परवा सुरू झाली. दादा गोठा पाडून तिथं ट्रॅक्टरसाठी शेड बांधतो आहे, म्हणून ती बाहेर काढावी लागली. तुम्ही गेल्यापासून ती तिथंच गुरांच्या कुटाराच्या पोत्यांमागं उभी होती. सीट उंदरांनी कुरतडलेली, टायर बसलेले, आरशाच्या दांडीला कोळ्याचं जाळं. दादानं भंगारवाल्याला निरोपही दिला होता. आई ओसरीत तूर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मले एकडाव बसू द्या तिच्यावर. मंग कुठं न्याची तिथं न्या." दादाला वाटलं आई गंमत करते आहे. "चालत नाही आता ते, आई. सारी जाम झाली." आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं हात केला. "हे करन सुरू. हिले येते." मी शाळेला सुट्टी लागली म्हणून वाशिमहून आले होते, आणि दुपारी झोपायचा बेत होता.

आईनं मला का निवडलं ते मला कळलं. तुम्ही हत्यारांची पिशवी उघडलीत की दादा कुठंतरी निघून जायचा. मी तिथंच उकिडवी बसायची. तुम्ही आसेगावच्या गुरांच्या दवाखान्यात होतात आणि गावोगाव फिरून जनावरांना लस टोचायचात. मागच्या सीटवर लसीची पेटी सुतळीनं करकचून बांधलेली, आत बर्फ. माझी जागा पुढं, पेट्रोलच्या टाकीवर. उन्हाळ्यात टाकी तापायची म्हणून आई खाली गोधडीचा तुकडा घालून द्यायची. तुमचे दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंनी हँडलकडं गेलेले, आणि वाऱ्यावर तुमच्या शर्टाचा औषधी वास. पुढं मी टाकीवर मावेनाशी झाले, तेव्हा माझं जाणं आपोआप बंद झालं.

एक दिवस मात्र अजून तसाच समोर दिसतो. नदीच्या कोरड्या पात्रातून गाडी वर चढते आहे आणि मध्येच फुस्स होऊन थांबते. डोक्यावर ऊन, पेटीत बर्फ वितळतो आहे, पुढच्या गावात लोक गुरं बांधून वाट बघत आहेत. मला वाटतं आता तुम्ही चिडाल, कारण माणसांवर तुम्ही लगेच चिडायचात. पण तुम्ही शांतपणे खाली उतरता, पेटी सोडून बाभळीच्या सावलीत ठेवता, आणि मला विचारता, "काय झालं असन सांग?" मी टाकीवरून खाली उतरते. "आंधी पेट्रोल पाह्य. मंग करंट पाह्य. मंग हवा पाह्य. तिन्ही असनं त गाडी बंद राह्यत नाही. एक सोडून दुसऱ्याले हात लावाचा नाही." पेट्रोलची नळी काढता, धार येते. मग प्लग काढून तारेला लावता, इंजिनला टेकवून मला धरायला देता आणि किक मारता. मी नेमकं नको तिथं धरलेलं असतं. खांद्यापर्यंत झटका बसतो, प्लग मातीत पडतो, मी रडायला लागते. तुम्ही माझ्या हाताकडं बघतही नाही. "पडला त पडला," तुम्ही म्हणता, "पन पुसल्याबिगर लावू नको. मातीचा कन आत गेला त इंजिन खाऊन टाकते." मी रडत रडत तो फ्रॉकच्या घेरानं पुसला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर, जेवताना, तुम्ही आईला हळूच सांगितलं, "हिच्या हाताले तेल चोळून देजो." मी ते ऐकलं होतं.

दुरुस्ती तुम्ही मला सगळी शिकवलीत. प्लग काळा आणि ओला निघाला तर काय, कोरडा निघाला तर काय. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर काजळी धरली की ठिणगी कशी पिवळी, मरतुकडी पडते आणि पॉलिश पेपरनं घासल्यावर कशी निळी तडतडते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक सुईनं कोरायचं नाही, ते मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. त्यासाठी म्हशीच्या शेपटीचा केस घ्यायचा. पण गाडी चालवायला तुम्ही मला कधी दिली नाही. दहावीच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं होतं. "दुरुस्त करता येते न? झालं मंग. चालवाले दादा हाये." गिअरची गाडी मी लग्नानंतर नवऱ्याच्या गाडीवर शिकले, शाळेच्या मैदानात, विद्यार्थी घरी गेल्यावर.

माझ्यापेक्षा जास्त राग मला आईसाठी यायचा. गल्लीतल्या बाया नवऱ्याच्या मागं बसून मंगरूळपीरच्या बाजाराला जायच्या, पदर कानामागं खोचून, आणि आई थैली घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असायची. तुम्ही तिच्यासमोरून पेटी घेऊन जायचात. हातही करायचा नाहीत. पेटी सरकारची आहे, लस वेळेवर पोचायला हवी, हे मला समजायचं. पण रविवारी तर पेटी नसायची. रविवारीही आई कधी त्या सीटवर दिसली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तुम्हाला तिची लाज वाटते.

तर गाडी. मी पदर खोचला आणि तुमच्याच क्रमानं सुरुवात केली. टाकीतलं पेट्रोल आटून तळाशी डिंकासारखा थर बसला होता, वास जुन्या रंगासारखा. तो काढला, टाकी रॉकेलनं आणि खड्यांनी खळखळून धुतली. कार्बोरेटर उघडला, जेट बुजलेलं. घरी आता म्हैस नाही, शेजारच्या काकूंच्या म्हशीचा केस मागून आणला. काकू म्हणाल्या, "मास्तरीन झाली तरी बापाचे धंदे सुटले नाही." मग करंट. ठिणगी नव्हतीच. पॉइंट गंजून एकमेकांना चिकटले होते. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला दर्ग्याच्या बाजूच्या त्या मिस्त्रीचाचांकडं गेले. तुम्ही ज्यांच्याकडं चहा पीत बसायचात, तेच. आता दुकान मुलगा बघतो, चाचा खुर्चीवर बसून असतात. मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, खालच्या खणातून जुन्या कागदात गुंडाळलेले पॉइंट काढायला लावले आणि म्हणाले, "ले जा बेटी. हे आता कोनीच मांगत नाही. तुमचे बाबा आले की आंधी गाडीची तबियत सांगत, मंग घरची." मला हसू आलं आणि नंतर रस्त्यात रडूही आलं.

नवे पॉइंट बसवले, ठिणगी निळी आली. पेट्रोल होतं, करंट होता. किक मारली. काही नाही. दादानं मारली, त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला, तरी काही नाही. एअर फिल्टर काढून बघितला, स्वच्छ होता. "सोड न आता," दादा म्हणाला, "हट्ट कायले करून राह्यली?" आई ओट्यावरून बघत होती. मी तिथंच जमिनीवर बसले. आणि बसल्यावर माझं तोंड सायलेन्सरच्या समोर आलं. तुम्ही हवा पाह्य म्हणायचात, आणि इतकी वर्षं मी आत जाणारी हवाच धरून बसले होते. जळालेली हवा बाहेर पडली नाही तर नवी आत येणार कुठून? "दादा, मार बरं किक." मी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही. बोट घातलं तर आत कडक माती. कुंभारमाशीनं नळीभर घर बांधलं होतं, वर्षानुवर्षं, एकावर एक मडकं. सळईनं खरवडून काढलं तर घमेल्यात माती मावेना.

पुढच्या दोन-तीन किकांत गाडी ढसाढसा खोकली, काळा धूर अंगणभर झाला आणि मग तो आवाज आला. तुम्हाला तो आवाज सांगायला नको. शेजारचे लोक बाहेर आले. आई उठली आणि घरात गेली. मला वाटलं तिला सोसवलं नाही. ती लुगडं बदलून बाहेर आली, हातात थैली. "चाल," म्हणाली.

लगेच कसं जाणार? क्लचच्या प्लेटा चिकटल्या होत्या. क्लच दाबूनही गिअर टाकला की गाडी उडी मारायची. ब्रेक तर नावालाच होते, टायरांत हवाही भरायची होती. त्यात आणखी एक दिवस गेला. आईनं लुगडं घडी करून उशाशी ठेवलं होतं.

सकाळी आम्ही निघालो. आई एका बाजूला पाय सोडून बसली, एक हात माझ्या खांद्यावर, एक सीटच्या पट्ट्याला. "कुठं जायचं?" मी विचारलं. "माह्या मायच्या घरी," ती म्हणाली. तिचं माहेर मंगरूळपीरच्या वाटेवर, तिथं आता आपलं कोणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घराच्या जागी दुसऱ्यांचं सिमेंटचं घर आहे. समोरच्या ओट्यावर आम्ही बसलो, त्या घरच्या सुनेनं पाणी दिलं. पाणी पिऊन आई बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात.

"माय गेली त्या दिवशी सकाळीच सांगावा आला होता. तुये बाबा ड्युटीवर निंगत होते. तिकडं तांड्यावर घटसर्पानं गुरं मरून राह्यली होती. त्याईनं काही न बोलता पेटी सोडली, खाली ठेवली, आन मले म्हने, बस. मी बसलीच असती. मंग त्या पेटीकडं पाह्यलं. म्हनलं, बर्फ पानी होऊन जाईन. लोकाईची ढोरं मरतीन. म्हनलं, तुमी जा, मी एसटीनं येतो."

"मग?"

"एसटी आलीच नाही टायमावर. मी पोचली त चिता पेटेल होती."

तीच पुढं म्हणाली, "मंग ते कितीकडाव म्हनत, बस म्हून. रविवारी म्हनत. बजारले म्हनत. मले नाही बसवत होतं. सीटवर हात ठेवला का मायचं तोंड दिसे. ते हात जोडून म्हनत, चाल वं, एकडाव चाल. मीच नाही बसली. मंग त्याईनं म्हनाचं सोडलं."

बाबा, मी तुम्हाला काय काय समजत होते. आणि तुम्ही फाट्यावरून जाताना हात का करत नव्हता, मान का वळवत नव्हता, हेही मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं. तुम्ही थांबला असतात तर तिला पुन्हा नाही म्हणावं लागलं असतं. मी आईला विचारलं, मला हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तू कधी इचारलं? तू त निस्ती गाडीच पाहे." मग ती हसली. किती दिवसांनी ती अशी दात दिसेपर्यंत हसली असेल. "आज का बसलीस मग?" मी विचारलं. "आता माय दिसत नाही सीटवर," ती म्हणाली, "दिसली तरी म्हातारी झाली असन, जागा देईन मले."

गाडीजवळ आल्यावर मी ती घराकडं वळवली, तर आईनं माझा खांदा दाबला. "इकडं नाही. सामने घे." आम्ही मंगरूळपीरला गेलो. बसस्टँडसमोर उभं राहून भजी खाल्ली, तुम्ही गेल्यावर सोडलेल्या हिरव्या बांगड्या तिनं पुन्हा भरल्या, उगाच दर्ग्यापर्यंत एक चक्कर मारली. तेवढ्यात दादाचा फोन आला. जेवणं खोळंबली होती, तो काळजीत होता. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही, दादाच्या हाती लागलं तर पंचाईत. कारण मी त्याला सांगितलं की गाडी रस्त्यात बंद पडली आहे, प्लग काढून साफ करते आहे. बाबा, गाडी कुठंच बंद पडली नव्हती.