गाडीत गवत आहे

दि. ४ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आखून दिलेले राज्याचे कायदे आमच्या रविवारच्या खेळात झकास चाललेत. परवा मी एक निकाल दिला. तो बरोबर आहे एवढंच कळवा, म्हणजे मी मोकळी.

आमच्यात प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि फासे टाकतो. गोष्ट मी सांगते आणि न्यायही मीच करते, हे तुम्हाला माहीतच आहे. आमचा बंधुराज ढब्बू पवित्र योद्धा आहे. त्याची शपथ अशी, की जीव गेला तरी खोटं बोलायचं नाही. त्या बदल्यात देवानं त्याला जखमा बऱ्या करायची शक्ती दिलीय. परवा तो सरदारानं डांबलेली माणसं गाडीत लपवून नेत होता. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं अडवलं, तर पठ्ठ्यानं बेधडक सांगितलं की गाडीत गवत आहे. माणसं सुटली. मी शपथ वाचून दाखवली आणि त्याची शक्ती काढून घेतली. बाकीचे माझ्यावर तुटून पडले. ढब्बू मात्र फासे पुसून डबीत ठेवत राहिला. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

बाकी ठीक. टेम्पोनं फर्निचरच्या दुकानाची काच फोडल्यापासून बाबांनी ढब्बूला गाडीची किल्ली दिलेली नाही. मागच्या खोलीत दिवसभर खुर्च्यांना पॉलिश पेपर घासतो. दुकान आता मी बघते.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची,
चिमणी

दि. ११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

शपथेच्या शब्दाला धरून निकाल बरोबर आहे. झालं समाधान? नाही ना? मी जन्मभर निकाल दिले. निकालावर मन ठाम असलं की माणूस पोटभर जेवतो. तुझं कुठंतरी पाणी मुरतंय.

टेम्पोचं घाईघाईत उरकलंस, तेही डोळ्यांत भरलं. ढब्बूला गाडी मी शिकवलीय. मागे घेताना तो पुन्हा पुन्हा उतरून बघतो. तू कशी चालवतेस तेही बघितलंय. मामीनं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मी काही विचारत नाही. एवढंच सांगतो, की ज्या खटल्यात न्यायाधीशाचाच हात अडकलेला असतो, तो खटला आम्ही दुसऱ्याकडे देतो. खुर्चीवरून उठतो, बस्स.

जेवत जा. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
मामा

दि. १६ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फार दुष्ट आहात. पत्र वाचून मी गिऱ्हाइकासमोरच रडले.

टेम्पो मीच ठोकला. त्याच आठवड्यात बाबा दुकान माझ्या हाती देणार होते. ढब्बूनं मला गप्प राहायला सांगितलं आणि आळ स्वतःवर घेतला. मी खरंच गप्प राहिले. आणि दुसऱ्यांसाठी खोटं बोलला म्हणून त्यालाच शिक्षा ठोकली! त्या योद्ध्याकडे मला बघवत नव्हतं, मामा.

काल बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. पण ते चिडले ढब्बूवर. म्हणाले, काच नवी बसते, पण तोंडावर खोटं बोललास त्याचं काय करू? किल्ली त्याला अजून दिलेली नाही. मला मात्र म्हणाले, खरं बोललीस, दुकान तूच बघ. मी नको म्हटलं, तर ऐकत नाहीत.

आज खेळात मी खुर्चीवरून उठले, ढब्बूला बसवलं आणि निवाडा करायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं शक्ती परत घेईल. त्यानं घेतली नाही. म्हणाला, खोटं बोललो ते बोललो, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. मग मला विचारलं, त्या पहारेकऱ्याचं पुढे काय झालं? मी त्याचा विचारच केला नव्हता. सरदारानं त्याला हाकललं असणार, असं म्हणून त्यानं योद्ध्याला पायी त्याची माफी मागायला धाडलं. खेळ संपल्यावर स्वतः बाबांच्या खोलीत गेला. दार लोटून घेतलंय, दोघं अजून आतच आहेत.

मी मागच्या खोलीत त्याच्या खुर्च्या घासत बसलेय, मधेच हे लिहितेय. मला कुणी शिक्षाच देत नाही, मामा. तुम्ही तरी द्या.

आहे तशी पदरात घ्या.

तुमची,
चिमणी